धाकटीच्या पोटातले झेंडू

"आता हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवायचा नाही," धोंडिराम घाडी म्हणाला आणि डोक्यावरची टोपी काढून त्यानं मांडीवर ठेवली. टोपी मांडीवर आली की थाप मोठी असणार, हे चारकोपच्या त्या सोसायटीत लहानथोरांना पाठ होतं. बाकावरची मंडळी सरसावून बसली.

"त्र्याहत्तर साल. मुलुंडचा आमचा रंगाचा कारखाना. आमचं कोळशाचं इंजिन, धाकटी म्हणायचो आम्ही तिला, सात डबे घेऊन स्टेशनाकडून आत आलं. मी मागे वळून बघतो तर डबे आठ! मेन लाइनवरच्या कुठल्या तरी मालगाडीचा गार्डाचा डबा आमच्यामागून चालत आलेला. आणि गार्ड आत घोरतोय."

"चालत आला?" शरच्चंद्र वर्दे म्हणाले. बँकेतून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, पण समोरच्याची सही पडताळून बघायची सवय गेली नव्हती. "घाडी, डबा म्हणजे काय वासरू आहे?"

"तुम्ही बँकेतली माणसं, वर्देसाहेब. इंजिनाचा लळा तुम्हाला काय कळणार? बावीस वर्षं हाकलीय मी तिला."

याच्यावर नेहमीप्रमाणे हसू फुटायचं आणि सभा बरखास्त व्हायची. पण त्या दिवशी तळमजल्यावरची चेतना ऑफिसातून आली ती पर्स खांद्यावरच ठेवून सरळ बाकाशी येऊन उभी राहिली. चेतना पाच वर्षांची असल्यापासून धाकटीच्या गोष्टी ऐकत मोठी झालेली. आता चौतिशीची होती आणि मुलुंडला टॉवर बांधणाऱ्या एका कंपनीत प्रोजेक्ट सांभाळत होती.

"आजोबा, धाकटी आहे अजून."

"कोण?"

"धाकटी! आमची नवी साइट म्हणजे तुमचाच कारखाना. मागच्या शेडमध्ये झुडपं तोडली तर आत ही उभी. नंबरावरून शोधलं मी. एक रेल्वे संग्रहालय आहे, त्यांचे साहेब बघून गेले. म्हणाले, उभी इंजिनं आमच्याकडे पुष्कळ आहेत, चालणारं हवंय. स्वतःच्या वाफेवर साठ पावलं चालली तर घेऊन जाऊ."

"आणि नाही चालली तर?"

"शेडच्या जागी पार्किंग येतंय. दसऱ्यापर्यंत मुदत मागून घेतलीय मी. दसऱ्याला चालली नाही तर दुसऱ्या दिवशी गॅसकटर लागणार." मग तिचा चेहरा एकदम उजळला. "पण मी साहेबांना सांगून टाकलं, काळजी नको. हिचा ड्रायव्हर आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतो."

"झकास," वर्दे म्हणाले आणि पायावर पाय टाकून आरामात बसले. "आता घाडींचं खरंखोटं होऊन जाईल."

धोंडिरामनं टोपी डोक्यावर ठेवली. ती उलटी बसली हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

कारण खरं काय ते त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. धोंडिराम घाडी बावीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये होता. चहा, वडे, उसळ. कँटीनची भिंत आणि इंजिनाची शेड एकमेकींना टेकलेली. दोन फेऱ्यांच्या मधे धाकटी तिथे उभी राहायची, आणि तिच्या अंगातून एक नळी भिंतीतल्या भोकातून आत येऊन चहाच्या पिंपात बुडायची. अडीचशे माणसांचा चहा तिच्या वाफेवर उकळायचा. कारखाना बंद पडल्यावर चारकोपला खोली मिळाली तेव्हा नव्या शेजाऱ्यांनी विचारलं, काय करत होता? तो म्हणाला, इंजिनावर होतो. एका परीनं चहा इंजिनावरच होता. पुढचं सगळं त्या एका वाक्याला फुटलेलं. आधी फायरमन झाला, मग ड्रायव्हर झाला, आणि गेल्या वीस वर्षांत तर धाकटीनं त्याच्या हाताखाली असे पराक्रम केले की मोठ्या गाडीच्या इंजिनांनी लाजेनं भंगारात जावं.

दुसऱ्या दिवशी चेतना त्याला मुलुंडला घेऊन गेली. रिक्षात बसल्यावर सांगून टाकू, असं त्यानं ठरवलं होतं. बोरिवली गेलं, घोडबंदरचा फाटा गेला, वळणं गेली. पुढच्या सिग्नलला सांगू, असं तो प्रत्येक सिग्नलला ठरवत राहिला. चेतना सारखी हसत होती. मग शेड आली.

धाकटी उभी होती. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या टाक्या गंजून लाल झालेल्या, धुरांड्यात पिंपळाचं रोप, पितळेचं सगळं चोरीला गेलेलं. कँटीनच्या बाजूच्या भिंतीत ते भोक अजून तसंच होतं. धोंडिरामनं तिच्या अंगावर तळवा ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला गार लागली.

सांगून टाकायचं ते तिथेच राहिलं. मी हिला चालवली नाही असं म्हटलं की चालवायला कुणी उरतच नव्हतं. खरा ड्रायव्हर लवू गावडे जाऊन तेवीस वर्षं झालेली. आपण थाप मारली आहे ना, तर आता ती खरी करायची. दुसरा रस्ता नाही.

पुढचे तीन महिने तो दिवसाआड चारकोपहून दोन बस बदलून मुलुंडला गेला. संग्रहालयाचे फिटर आले, बॉयलरच्या नळ्या बदलल्या, पितळेचं सामान बाहेरून करून आणलं. सरकारी बॉयलर-इन्स्पेक्टर येऊन हातोडीनं ठोकठोक करून कान लावून गेले, पाणी भरून दाब देऊन बघितला आणि अर्ध्या दाबावर चालवायची परवानगी दिली, तीही सर्टिफिकेटवाला माणूस सोबत असेल तर. असा माणूस म्हणजे अनिरुद्ध. भांडुपच्या एका फॅक्टरीत बॉयलर सांभाळणारा, तिशीचा, कमी बोलणारा, हातातलं फडकं कधी न सोडणारा.

"काका, बॉयलर माझा. पण इंजिन मी कधी चालवलं नाही. ते तुमचं," त्यानं पहिल्याच दिवशी वाटणी करून टाकली.

"ते माझ्यावर सोड," धोंडिराम म्हणाला आणि कोपऱ्यात जाऊन डोळे मिटून बसला.

त्याला आठवायचं होतं. इंजिनाचं त्याला काही येत नव्हतं, पण चहाचं सगळं येत होतं, आणि बावीस वर्षं चहा आणि इंजिन एकाच घड्याळावर चाललं होतं. पिंपात पहिला बुडबुडा यायचा तेव्हा भिंतीतल्या भोकातून दिसायचं की लवू गावडे पाण्याची काच बघतोय. साखर पडायची तेव्हा फायरमन भट्टीत डावीकडे दोन फावडी, उजवीकडे दोन, मधे एक टाकायचा. दूध वर यायचं तेव्हा लवू डावा हात लांब करून चाकांना वाफ देणारा तो मोठा दांडा हळूच, झोपलेल्या पोराच्या अंगावरून पांघरूण काढावं तसा, ओढायचा. धोंडिराम डोळे मिटून मनातल्या मनात चहा करायचा आणि त्याबरोबर लवूचे हात बघायचा. मग उठून धाकटीवर चढून तसेच हात करायचा. अनिरुद्धला वाटायचं, म्हातारा जुनी सवय ताजी करतोय.

खंडेनवमीला चेतनानं जुन्या कामगारांना बोलावलं. हत्यारांची पूजा धाकटीपुढेच करायची ठरली. चाळीसएक जण आले. कुणी काठीवर, कुणी मुलाच्या खांद्यावर. इतक्या वर्षांनी नावं तेवढी लक्षात होती, कोण कुठल्या खात्यात होतं हे कुणाला धड आठवत नव्हतं. धाकटीला काळा रंग दिलेला, चाकांना लाल पट्टे. हळदकुंकू झालं, नारळ फुटला. आणि त्या गर्दीत पांढऱ्या केसांची, बारकीशी, ताठ मानेची एक म्हातारी धोंडिरामला दिसली आणि तो धाकटीच्या आड सरकू लागला.

सोनूबाई गावडे. लवूची बायको. कारखान्यात डोक्यावरून कोळशाच्या पाट्या वाहून धाकटीचं पोट भरणारी.

"काय रे धोंड्या," ती म्हणाली, "ही पोरगी सांगता, तू डायवर?"

"वयनी..." त्यानं आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "उद्याचा दिवस जाऊ दे. मग काय बोलायचं ते बोल."

सोनूबाईनं त्याच्याकडे एकटक बघितलं. मग धाकटीकडे बघितलं. "उद्याच्या दिवसापुरती गप ऱ्हवतंय," ती म्हणाली.

एवढ्यावर धोंडिराम थांबता तर बरं झालं असतं. पण चाळीस माणसं समोर, चेतना मोबाइलवर शूटिंग करतेय, कुणीतरी विचारलं, "धोंडिराम, पूर्वी पूजेला आणखी काय करायचे रे?" आणि त्याची टोपी आपोआप हातात आली.

"विसरलात? प्रत्येकानं एकेक झेंडू धाकटीच्या टाकीत सोडायचा! तिचं पोट फुलांनी भरायचं. तशी पद्धतच होती."

अशी पद्धत कधीच नव्हती. पण चाळीस वर्षांपूर्वीचं कुणाला नक्की आठवतंय? "हो हो, आठवलं," दोघा-तिघांनी माना डोलावल्या. अनिरुद्धनं पाणी भरण्यासाठी दोन्ही टाक्यांची झाकणं उघडीच ठेवली होती. एकेकानं फूल सोडलं, साइटवरचे मजूर आले त्यांनी सोडलं, ऑफिसातल्या मुलींनी आख्खी माळ कुस्करून सोडली. सोनूबाई मात्र फूल हातात धरून लांब उभी राहिली.

दसऱ्याला पहाटे सहाला अनिरुद्धनं भट्टी पेटवली. आधी लाकडं, मग कोळसा. घाई करून चालत नाही. लोखंडाला सावकाश तापू द्यावं लागतं. नऊला दाबाचा काटा हलला. दहाला धाकटी फुरफुरायला लागली. संग्रहालयाचे साहेब आले, चेतनाचे साहेब आले, चारकोपहून वर्देही मुद्दाम आले आणि पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसले. मागे केटररनं वडे तळायला घेतले.

साडेदहाला अनिरुद्ध म्हणाला, "काका, काच बघा."

पाण्याची काच म्हणजे बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते दाखवणारी उभी नळी. पाणी अर्ध्याच्या खाली आलं होतं.

"पाणी घे की मग."

"घेतोय. येत नाहीये."

बॉयलरला पाणी पाजायला इंजेक्टर असतो. वाफेच्याच जोरानं टाकीतलं पाणी आत ढकलणारी पितळेची पिचकारी म्हणा. धाकटीला दोन होते. डावा सुरू केला तर त्यानं खाली नुसती वाफ थुंकली. उजवा केला, त्यानंही तेच. अनिरुद्धनं दोन्ही बंद केले.

"परवा ट्रायल घेतली तेव्हा दोन्ही चालले. काका, आणखी तीन बोटं पाणी उतरलं ना, की भट्टीच्या छतातला शिशाचा डाट, म्हणजे बूच, वितळणार. सगळी वाफ भट्टीत घुसेल. नवा डाट, नवी तपासणी, पंधरा दिवस गेले. त्यापेक्षा मी आत्ताच विस्तव खाली पाडतो."

"विस्तव पाडलास तर आज चालेल?"

"नाही."

"मग पाडू नको. किती वेळ आहे?"

"दहा मिनिटं. एकही जास्त नाही, काका. सर्टिफिकेट माझं आहे."

चेतना वर चढून आली. "काय झालं?"

धोंडिरामनं डाव्या टाकीचं झाकण उघडलं आणि आत बघितलं. रात्रभर भिजून फुगलेल्या पाकळ्यांचा पिवळा लगदा पाण्यावर तरंगत होता, आणि जेवढा वर होता त्याच्या दुप्पट नळीच्या तोंडाकडे ओढला गेला होता.

"झेंडू," तो म्हणाला. "नळीच्या जाळीत बसलेत."

"पण ती तर पद्धत होती ना? पूर्वी कसं चालायचं मग?"

धोंडिरामनं टोपी काढली. या खेपेला ती मांडीवर गेली नाही, खाली कोळशात गेली. "कसली पद्धत नव्हती गं, चेतू. मी केली ती. काल, तिथे उभा राहून."

चेतनाला रागवायला वेळ नव्हता, ते एक बरं होतं.

टाकी रिकामी करून जाळी काढायला तास लागला असता. अनिरुद्धचा हात भट्टीच्या दांड्याकडे गेला. आणि धोंडिरामला कँटीनमधलं पिंप आठवलं. चहाची पत्ती तोटीत अडकायची, दिवसातून चारदा. पिंप उपसायला सवड कुणाला? तो तोटीला फडकं लावून उलटी फुंकर मारायचा आणि पत्ती मागे जायची.

"अनिरुद्ध, हा इंजेक्टर जिथून खाली थुंकतो ना, ते तोंड बंद केलं आणि वाफ सोडली तर वाफ जाईल कुठे?"

अनिरुद्ध फडक्यानं हात पुसत म्हणाला, "खालची वाट बंद. बॉयलरकडून परत येऊ देणार नाही, तिथे झडप आहे. म्हणजे... नळीतून उलटी टाकीत."

"मग मार फुंकर!"

अनिरुद्ध खाली उतरला. लाकडाची खुंटी ओल्या गोणपाटात गुंडाळून त्यानं थुंकणाऱ्या तोंडात ठोकली, बाजूला सरकला आणि हात वर केला. "तीन सेकंद फक्त, काका! जास्त नको!"

धोंडिरामनं वाफ सोडली.

टाकीच्या पोटात काहीतरी गुरगुरलं, आणि उघड्या झाकणातून शिजलेल्या झेंडूंचा एक कारंजा उडाला तो सरळ पाहुण्यांच्या पहिल्या रांगेवर. वर्द्यांच्या टकलावर पिवळाधमक लगदा बसला. मागच्या लोकांना वाटलं हा कार्यक्रमातलाच भाग, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"परत आत ओढलं जाईल ते!" अनिरुद्ध ओरडला. "वरचं काढा आधी!"

"झारो!" गर्दीतून आवाज आला. सोनूबाई केटररच्या कढईपाशी पोचली होती. त्याच्या हातातला झारा तिनं हिसकावला, पदरानं पुसला आणि वर चेतनाच्या हातात दिला. "भजी काढतंत तशी काढ गो बाय. ढवळू नको, अल्लाद वरसून."

चेतना टाकीवर गुडघे टेकून बसली आणि झाऱ्यावर झारे झेंडू उपसून बाहेर फेकू लागली, कोपरापर्यंत पिवळी. अनिरुद्धनं खुंटी काढली आणि तो वर चढला. काचेत आता दोन बोटं पाणी उरलं होतं.

"आता."

धोंडिरामनं पाण्याचा नळ उघडला, मग वाफेचा. इंजेक्टरनं एकदा थुंकलं. दुसऱ्यांदा थुंकलं. मग गाणं म्हणतात तसा एक बारीक, सलग आवाज आला, आणि खालचं थुंकणं थांबलं. काचेतलं पाणी थरथरलं आणि केसभर वर चढलं. अनिरुद्धनं फडकं खिशात ठेवलं. ते त्याच्या खिशात गेलेलं धोंडिरामनं पहिल्यांदाच बघितलं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी दाब पुरता झाला. धोंडिराम दांड्याशी उभा राहिला. मनात पिंप ठेवलं. पहिला बुडबुडा. साखर. दूध... दूध वर येतंय. त्यानं डावा हात लांब केला आणि त्याचं लक्ष खाली गेलं. सोनूबाई चाकांपाशी उभी होती आणि मूठ जमिनीकडे करून जोरजोरात पिळत होती.

खालचे नळ! सिलिंडरमधलं साचलेलं पाणी आधी सोडावं लागतं, नाही तर झाकण फुटतं. ते नळ कँटीनच्या भिंतीकडून दिसायचे नाहीत. त्यानं पायाशी चाचपडलं आणि दांडी सापडली तशी ओढली. दोन्ही बाजूंनी पांढऱ्या वाफेचे लोट सुटले, सोनूबाई त्यात दिसेनाशी झाली. मग त्यानं तो मोठा दांडा धरला आणि पांघरूण काढलं.

धाकटी हलली.

एक पाऊल. थांबते की काय असं वाटलं. मग दुसरं. मग ती खोकत, फुरफुरत, वाफेच्या ढगातून नाक बाहेर काढून चालू लागली. चेतना टाकीवरच बसलेली होती, ती पावलं मोजत होती. चाळीसनंतर ती ओरडून मोजू लागली. साठाव्या पावलावर अनिरुद्धनं ब्रेक लावला. ती बासष्टवर थांबली. धोंडिरामनं शिट्टी ओढली आणि ती सोडायचं विसरला.

खाली उतरल्यावर संग्रहालयाच्या साहेबांनी त्याचे दोन्ही हात धरले. "आजोबा, घेऊन जातोय आम्ही हिला. पाटीवर ड्रायव्हरचं नाव घालायचंय. पूर्ण नाव सांगा तुमचं."

धोंडिरामनं सगळ्यांकडे बघितलं. वर्दे कानातली पाकळी काढत होते. चेतना पिवळ्या हातांनी डोळे पुसत होती. सोनूबाई हाताची घडी घालून उभी होती. उद्याचा दिवस म्हणजे आजचा दिवस, आणि तो अजून संपला नव्हता.

"लिहा," तो म्हणाला. "लवू सखाराम गावडे."

"हे कोण?"

"ड्रायव्हर. हिला बावीस वर्षं त्यांनी चालवली. मी कँटीनमध्ये चहा करायचो. वाफ असताना ह्या दांड्याला माझा हात आज पहिल्यांदा लागला."

सगळे खो खो हसले.

"बघा, किती विनय!" साहेब म्हणाले.

"चहावाल्यानं असं इंजिन चालवलं म्हणे," वर्दे डोकं पुसत म्हणाले. "घाडी, तुमच्या सगळ्या थापा मी ऐकल्यात, पण ही मात्र कुणी मानायचं नाही हो!"

धोंडिराम दोघा-तिघांना खांद्याला धरून पुन्हा सांगू लागला, पण लोक त्याच्या पाठीवर थापा मारून पुढे वड्यांकडे सरकत होते. शेवटी लवूची बायको म्हणून त्यानं सोनूबाईला पुढे केलं आणि साहेबांनी तिला विचारलं. तिनं लवूचं नाव अक्षरन् अक्षर सांगितलं, तेव्हा ते कागदावर चढलं. धोंडिरामला एकदम हलकं हलकं वाटू लागलं. हलकं वाटलं की त्याची जीभ सुटायची. त्यानं कोळशातली टोपी उचलली, झटकली आणि वडे खाणाऱ्यांच्या मधे जाऊन बसला. टोपी मांडीवर ठेवली.

"चहाचं जाऊ द्या. पण एक गोष्ट मी हिच्यावर करायचो, तशी अख्ख्या मुलुंडात कुणाला जमली नाही. कोळशाचं फावडं घासूनपुसून लखलखीत करायचं, त्याच्यावर मीठ-मसाला लावलेले बांगडे मांडायचे आणि भट्टीत सरकवायचे. मनातल्या मनात वीस मोजायचे, की बाहेर. वास थेट स्टेशनापर्यंत जायचा. एकदा तर एक्स्प्रेस थांबली होती. माझ्या हातचा तो बांगडा..."

"खोटा!" सोनूबाईचा आवाज शेडच्या पत्र्यावर आदळून परत आला. चेतनाकडून परत घेतलेला झारा त्याच्या नाकासमोर रोखून ती उभी होती. "निखालस खोटा! डायवर झालंस, गप ऱ्हवलंय. झेंडू घातलंस, गप ऱ्हवलंय. पण बांगडे मी तळी होतंय रे मेल्या, तू नुसते खाय होतंस!"